इन्स्टाग्राम, फिल्टर आणि मुलींचे स्वतःच्या रूपाबद्दलचे असमाधान: दोष नेमका कोणाचा?

मृण्मयी_ठाणे (धागालेखिका)

महाविद्यालयात शिकवत असल्याने अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलींशी माझा रोजचा संबंध येतो. ओळखपत्रासाठी कार्यालयातल्या साध्या वेबकॅमने काढलेला फोटो पाहून नाक मुरडणाऱ्या मुली पूर्वीही होत्या. आताच्या मुली मात्र त्याच क्षणी फोन उघडून दुसरा फोटो पुढे करतात आणि "मॅडम, मी खरी अशी दिसते, हा लावा ना" म्हणून अजिजी करतात. त्या फोटोत त्वचेवर डाग नसतो, जबडा निमुळता असतो, डोळे थोडे मोठे आणि रंग दोन छटांनी उजळ असतो. हा बदल त्यांनी बहुतेक वेळा जाणूनबुजून केलेलाही नसतो, कारण त्यांच्या हातातल्या फोनांत पुढच्या कॅमेऱ्याची ब्यूटी मोड आधीपासूनच चालू सापडते. गूगलने २०२० मध्ये आपल्या नव्या पिक्सेल फोनांत ही सोय आपोआप चालू न ठेवण्याचे ठरवले, तेव्हा माणसाची स्वतःच्या रूपाबद्दलची समज या सोयीमुळे बिघडते हेच कारण दिले होते.

आमच्या स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की इन्स्टाग्रामने मुली नासवल्या. दुसऱ्या तटाच्या मते गोरी, सडपातळ, सुस्वरूप ही यादी लग्नाच्या जाहिरातींत आपल्या आज्यांच्या काळापासून छापून येत आहे आणि फोन फक्त ती वाचून दाखवतो. मला दुसरी बाजू खरी पण अपुरी वाटते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस स्वतःची किंमत ठरवताना सहसा आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करतो. पडद्यावरची नटी वेगळ्या जगातली म्हणून सोडून देता येत असे, पण शेजारच्या बाकावरची मैत्रीण रोज रात्री नितळ चेहऱ्याने समोर येत असेल तर तिला तसे सोडून देता येत नाही. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे स्वतःच्याच दुरुस्त केलेल्या चेहऱ्याशी तुलना, आणि ती आधीच्या पिढ्यांना करावी लागली नव्हती.

तर दोष फोनचा, कंपन्यांचा, घरच्यांचा की आणखी कोणाचा? आणि आई, मावशी, शिक्षिका, भाऊ या नात्याने आपण नेमके काय करावे? आपापले अनुभव लिहावेत, मात्र "आमच्या वेळी असे नव्हते" एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

वाटसरू

अ‍ॅप काढून टाकावे. कोणी कोणाला हात धरून इन्स्टाग्रामवर बसवलेले नाही.

सुनंदा_इचलकरंजी

वाटसरू, सल्ला सोपा आहे, पण माझे दुकानच त्या अ‍ॅपवर आहे. खणाच्या आणि इरकली साड्या मी रात्री लाइव्ह येऊन विकते. साडी नेसून दाखवल्याशिवाय पदर कसा पडतो ते गिऱ्हाइकाला कळत नाही आणि मॉडेल ठेवणे परवडत नाही, त्यामुळे मॉडेलही मीच. "ताई, दंड झाका", "वहिनी, आधी वजनाकडे बघा" असे लिहिणाऱ्यांत पुरुष थोडे आणि बायका जास्त असतात, आणि त्यांतल्या कित्येक जणी लगेच खाली त्याच साडीचा भाव विचारतात.

सुरुवातीला मी फिल्टर लावून लाइव्ह येत असे. चेहरा गुळगुळीत झाला, परंतु फिल्टर चेहऱ्यापुरते थांबेना. डाळिंबी खण गुलाबी दिसू लागला आणि "दाखवला एक, पाठवला एक" म्हणून पार्सले परत येऊ लागली. परतीच्या कुरिअरचा खर्च अंगावर पडू लागल्यावर फिल्टर बंद केले. स्वतःला स्वीकारले वगैरे मोठे काही घडले नाही, हिशेबात बसत नव्हते एवढेच. आता दंडांवर कोणी लिहिले, तर "ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा आहे, भरल्या दंडालाही पुरतो" असे उत्तर देते आणि पुढची साडी उघडते.

खवचट_आजी

सुनंदा, तुझे ब्लाउजपीसचे उत्तर मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे.

मृण्मयीबाई, तुम्ही मनाई केलीत तरी आमच्या वेळचे लिहिणे भाग आहे, कारण आमच्या वेळी सगळे असेच होते. मुंबईच्या पाटणवाला यांनी अफगाण स्नो हे चेहऱ्याचे क्रीम १९१९ साली बाजारात आणले आणि फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली. तेव्हा इन्स्टाग्राम तर नव्हतेच, त्याच्या आजच्या मालकाचा जन्मही झाला नव्हता. मला पाहायला आलेल्या एका स्थळाकडच्या बाईंनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला सांगितले होते, उजेडात रंग नीट दिसावा म्हणून. मी बसले, आणि त्यांच्या चिरंजिवांनाही माझ्या शेजारी उजेडात बसवावे अशी विनंती केली. ते स्थळ पुढे गेले नाही.

विठोबा सावळा चालतो. त्याच्या पायावर डोके ठेवण्यासाठी माणसे रात्र रात्र रांगेत उभी राहतात. सून मात्र त्याच्यावर गेलेली चालत नाही. २०२० मध्ये शादी डॉट कॉमला बायकांनी केलेल्या ऑनलाइन अर्जामुळे त्वचेच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकावी लागली, आणि त्याच वर्षी त्या क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' पुसून 'ग्लो' लिहिले. ट्यूब घेणारी घरे तीच राहिली.

प्रकाश_चौकट_सांगली

आजींच्या म्हणण्याला माझ्या धंद्यातून दुजोरा देतो. आमचा फोटो स्टुडिओ वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. कृष्णधवल फोटोंच्या काळात नेगेटिव्ह मागून उजेड सोडलेल्या काचेवर ठेवून वडील अतिशय टोकदार पेन्सिलीने त्यावर बारीक ठिपके भरत. नेगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे प्रिंट उजळ येते, त्यामुळे देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळे हे सगळे जात असे. पण त्या कामाला वेळ लागे, त्याचे वेगळे पैसे पडत, आणि ते फक्त स्थळांकडे पाठवायच्या फोटोचे केले जाई. एका मुलीच्या आयुष्यात असे फोटो किती निघणार? आता तेच काम फोन सेकंदात करतो, फुकट करतो आणि विचारतही नाही. मृण्मयीताई म्हणतात तो फरक मला इथे दिसतो.

लग्नाच्या अल्बमचे तर विचारूच नका. "नवरी जरा उजळ करा, जोडा शोभला पाहिजे" ही सूचना मुलाकडून येते तशी मुलीकडूनही येते, आणि कधी कधी स्वतः नवरीच हळूच फोन करून सांगते. चेहरा उजळला की गळा वेगळा दिसतो, म्हणून गळा उजळावा लागतो. मग हात, आणि हात उजळले की मेंदी फिकी पडते. मग मेंदी पुन्हा गडद करायची. एवढे करून अल्बम दिला की नवरीची आई म्हणते, "आमची पोर अशी कुठे दिसते?" ते वाक्य ऐकले की मला बरे वाटते, मात्र बिल आधी वसूल केलेले असते.

एक तांत्रिक गोष्ट मुलींना जरूर सांगावी. फोन हातभर अंतरावरही नसतो, तेव्हा चेहऱ्याचा जो भाग कॅमेऱ्याच्या जवळ आहे तो मोठा येतो, म्हणजे नाक. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी मोजमाप करून दाखवले, की एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. आम्ही स्टुडिओत पोर्ट्रेट काढताना मागे सरकतो ते याचसाठी. नाकाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाण्याआधी फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा.

निरंजन_प्र

चर्चा रंगली आहे, पण पुराव्याकडेही पाहू. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे छापली आणि ऑक्टोबरमध्ये ती उघड करणाऱ्या फ्रान्सिस हॉगेन यांनी अमेरिकी सिनेटसमोर साक्ष दिली. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरींपैकी एकीची शरीराविषयीची नाराजी वाढते, असे त्यांतल्या २०१९ च्या एका स्लाइडवर कंपनीच्याच संशोधकांनी लिहिले होते. ही आकडेवारी मुलींनी स्वतः सांगितलेल्या भावनांवर आधारलेली होती, आणि विचारलेल्या बारा विषयांपैकी अकरांमध्ये अडचणीत असलेल्या मुलींनी फायदाच जास्त सांगितला, असा बचाव कंपनीने केला. तो बचाव वाचताना माझ्या मनात आले, की उरलेला एकमेव बारावा विषय शरीराच्या प्रतिमेचा होता, म्हणजे बचावानेच आरोप मान्य केला.

दोष फक्त घरचा, असे मानणाऱ्यांसाठी फिजीचे उदाहरण देतो. तिथल्या नाद्रोगा प्रांतात भरलेले अंग हेच चांगल्या घरचे लक्षण मानले जाई. १९९५ मध्ये तिथे टेलिव्हिजन आले. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या. म्हणजे घरची परंपरा उलट दिशेची असतानाही चित्रांनी तीन वर्षांत तिच्यावर मात केली. आपल्याकडे तर परंपरा आणि चित्रे एकाच बाजूने खेळत आहेत.

गार्गी_२२

या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान मीच असेन, म्हणून थोडे उलट लिहिते. सावळ्या रंगाला शोभणारे फाउंडेशन कसे निवडावे हे मला कोणत्याही मावशीने सांगितले नाही, कारण तिच्या मते उपाय एकच होता आणि तो रंग झाकण्याचा होता. ते मला माझ्याच रंगाच्या एका तमिळ मुलीच्या व्हिडिओतून कळले. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारामुळे हनुवटीवर केस येतात आणि ते माझ्यासारख्या असंख्य मुलींना येतात, हेही मला आधी इन्स्टाग्रामवर कळले आणि मग मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. घरात त्यावर कुजबुज सोडून काही नव्हते. २०२१ च्या सुरुवातीला वनिता खरात यांनी पतंगामागे उभे राहून काढलेला फोटो प्रसिद्ध झाला, तेव्हा आमच्या घरच्या गटावर नाराजीचे संदेश आले. माझ्या एका जाड म्हणून हिणवल्या गेलेल्या मैत्रिणीने मात्र तो फोटो जपून ठेवला. विनोदी भूमिकांत जिच्या अंगाला हसण्याची सवय लावली गेली, ती स्त्री कॅमेऱ्याकडे थेट बघत होती. हे त्याच माध्यमावर घडले ना?

मला खुपते ते वेगळेच. "स्वतःच्या शरीरावर प्रेम करा" हीसुद्धा आता सक्तीच झाली आहे. आधी बारीक नाही म्हणून अपराधी वाटायचे, आता बारीक नसूनही स्वतःवर फिदा नाही म्हणून अपराधी वाटते. माझ्या मांड्यांवर माझे प्रेम नाही आणि रागही नाही. त्या मला चौथ्या मजल्यावर रोज नेतात, तेवढे नाते पुरे आहे. शिवाय स्वीकाराचे भाषण देणारी तीच बाई तिसऱ्या मिनिटाला सवलतीचा कोड देऊन सीरम विकते.

वाटसरू

गार्गी, शेवटचा परिच्छेद पटला. माझा पहिला प्रतिसाद तुटक होता, पण मुद्दा मला अजूनही मान्य आहे. फक्त सुनंदाताईंना तो लागू होत नाही. एक विचारू का? हा धागा बायकांपुरताच का? माझे टक्कल तिशीत पडले, आणि केशरोपणाच्या जाहिराती माझ्या पाठीमागे सावकारासारख्या लागल्या आहेत.

खवचट_आजी

वाटसरू, टकलामुळे तुमचे लग्न मोडले का, की टकलासकट "मुलगा हुशार दिसतो" म्हणून जमले?

वाटसरू

जमले. शब्द जवळपास तेच होते.

डॉ_शरयू (त्वचारोगतज्ज्ञ)

दवाखान्यात रोज जे दिसते ते लिहिते, कारण हा प्रश्न मनापुरता राहत नाही, तो चेहऱ्यावर उतरतो.

तरुण मुली हल्ली फोटो घेऊन येतात, आणि तो नटीचा नसून त्यांचा स्वतःचाच, फिल्टर लावलेला असतो. अशा रुग्णांसाठी 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' हा शब्दप्रयोग २०१८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागला. फिल्टर त्वचेची रंध्रेच पुसून टाकते. रंध्रांतूनच तेल बाहेर येते आणि केस उगवतात. ती नसलेली त्वचा जिवंत माणसाला असू शकत नाही. हे समजावून सांगितले की मुली मान डोलावतात, आणि दारापर्यंत जाऊन विचारतात, "पण थोडी तरी कमी होतील ना?"

खरा धोका त्यांच्या पर्समध्ये असतो. रीलमध्ये पाहून किंवा पार्लरमधून मिळालेल्या बिनलेबलच्या डबीतल्या क्रीमने महिन्याभरात चेहरा उजळला, म्हणून सगळ्या खूश असतात. त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असते. काही महिन्यांनी त्वचा कागदासारखी पातळ होते, लालसर रेषा दिसतात, मुरमे आणि केस येतात, आणि क्रीम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आहे, इतकी ती आपल्याकडची आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती काउंटरवर मागून मिळतात.

दुसरा पदार्थ पारा. तो त्वचेचा रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून परिणाम लवकर दिसतो, आणि त्वचेतून शिरून तो मूत्रपिंडात साठतो. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांची मूत्रपिंडे असे क्रीम वापरल्याने बिघडली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाल्यावर मूळ कारण पारा निघाले. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही तशाच रुग्णांची नोंद झाली. या क्रीमच्या जाहिराती टीव्हीवर नसतात. त्या रीलमध्ये असतात, आणि ती दाखवणारी बाई स्वतः फिल्टर लावून बसलेली असते. क्रीमचा गुण आणि फिल्टरचा गुण वेगळा कसा करणार? ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने नेमक्या याच कारणासाठी २०२१ मध्ये प्रसाधनांच्या जाहिरातींत परिणाम फुगवून दाखवणाऱ्या फिल्टरना मज्जाव केला.

पल्लवी_क

डॉक्टर, माझी बहीण एक क्रीम वापरते. नाव सांगितले तर ते सुरक्षित आहे का, हे सांगाल का?

संपादक मंडळ

कृपया क्रीमची नावे येथे देऊ नयेत आणि धाग्यावर निदान मागू नये.

डॉ_शरयू (त्वचारोगतज्ज्ञ)

संपादकांशी सहमत आहे. पल्लवी, नावाशिवायही उत्तर देता येते. वेष्टनावर निर्मात्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ते क्रीम सुरक्षित धरू नये. मात्र बहिणीला ते एकदम बंद करायला लावू नका. डबी घेऊन तिला जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. स्टेरॉइड अचानक थांबवले की चेहरा भडकतो आणि मुली घाबरून पुन्हा तेच लावतात.

गोदाकाठच्या_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. शहरातल्या मुलींचे लिहिले गेले, म्हणून गावाचे सांगते. आमच्या मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. आईचा किंवा भावाचा असतो आणि तो संध्याकाळी थोडा वेळ मिळतो, पण तेवढ्यात "सात दिवसांत पोट सपाट" पाहिलेले असते. मधल्या सुट्टीत डबा तसाच परत नेणाऱ्या मुली मला गेल्या दोनतीन वर्षांत दिसू लागल्या. विचारले तर "भाकरीने वजन वाढते, बाई" असे उत्तर मिळते. सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या वाटतो, त्याही "जाड होतो" म्हणून ओढणीच्या टोकाला बांधून घरी नेल्या जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच पाहणीत सुमारे एकपंचमांश स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश निघाल्या. अशा राज्यातल्या, अंगावर मुळातच मांस नसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला फोन पोट कमी करायला सांगतो, कारण समोर कोण बसले आहे हे त्याला ठाऊक नसते. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला गेला एवढेच त्याला कळते. किळस येऊन पाहिला की आवडून, हा फरक त्याच्या मोजणीत येत नाही.

मी कबड्डीचा संघ सुरू केला. चढाईला जाणाऱ्या पोरीला डबा खाल्ल्याशिवाय मैदानात घेत नाही. त्यांना आपल्या मांड्यांविषयी आता काय वाटते ते विचारलेले नाही. डबे रिकामे जातात.

मीरा_मेलबर्न

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट वगैरेंवर खाते ठेवता येत नाही. शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही, दंड कंपन्यांना आहे आणि तो जवळजवळ पाच कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. कायदा मला आवडला तो अशासाठी, की "सगळ्या मैत्रिणींकडे आहे" हे वाक्य घरातून गेले. तरी मुलींनी जन्मतारखा बदलून पाहिल्याच, आणि सोळा पूर्ण झाले की हे सगळे एकदम अंगावर येणार आहे. भारतात टिकटॉक २०२० पासून बंद आहे. त्याने काय बदलले? रील आले.

आणखी एक गंमत सांगते. संदेश पाठवण्याची साधने या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आमच्या मावश्या प्रत्येक फोटोखाली "किती सुटलीस गं!" असे लिहितात, त्याला ऑस्ट्रेलिया सरकारही हात लावू शकत नाही.

खवचट_आजी

त्या गटावर मी असणारच. पण मी "तब्येत छान आहे" असे लिहिते.

मीरा_मेलबर्न

आजी, आमच्या पिढीत त्याचा अर्थ तोच घेतला जातो.

निरंजन_प्र

कायद्याचा विषय निघाला आहे, म्हणून एक निराशाजनक आणि एक आशादायक गोष्ट लिहितो. फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलच्या शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातींवर 'फोटो बदललेला आहे' असे छापणे बंधनकारक केले आणि नॉर्वेने २०२२ पासून तसाच नियम आणला, त्यात पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टही येतात. ऐकायला उत्तम वाटते. पण ऑस्ट्रेलियात मारिका टिगेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत अशी सूचना वाचूनही स्त्रियांचे असमाधान कमी झाले नाही. फोटो खोटा आहे हे कळूनही तुलना थांबत नाही.

दुसरी गोष्ट कॅनडातली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ ते २५ वयाच्या २२० तरुणांपैकी एका गटाने तीन आठवडे सोशल मीडियाचा वापर दिवसाला एक तासावर आणला, आणि त्यांचे स्वतःच्या दिसण्याविषयी व वजनाविषयीचे मत स्पष्टपणे सुधारले. अ‍ॅप कोणी काढून टाकले नव्हते. वाटसरूंचा सल्ला अर्धाच अमलात आणला तरी चालतो, असे म्हणू.

मृण्मयी_ठाणे (धागालेखिका)

सर्वांचे आभार. वाचता वाचता माझे मत पूर्वीपेक्षा थोडे सरकले आहे. दोष कोणाचा हे विचारताना मी घर आणि फोन असे दोन पक्ष केले होते, पण प्रकाशरावांचा अल्बम आणि डॉक्टरांची डबी पाहिल्यावर दिसते, की घरातल्या मागणीवर बाजार उभा आहे आणि फोनने त्या मागणीला झोपच ठेवलेली नाही. गोदाकाठच्या बाईंनी केले ते मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण त्यांनी मुलींना रूपाविषयी व्याख्यान दिले नाही. मी मात्र पुढच्या सत्रात व्याख्यानच ठेवणार होते. ते रद्द करून प्रकाशरावांसारख्या एखाद्या छायाचित्रकाराला बोलावते आणि एकाच मुलीचा फोटो एक फुटावरून व पाच फुटांवरून काढून दाखवायला सांगते.

गार्गी_२२

मॅडम, फोटो जरूर काढा, पण त्या दिवशी पालकांनाही बोलवा. माझ्या हनुवटीवरचे केस कोणत्याही अल्गोरिदमने आधी पाहिले नव्हते. ते काकूने हळदीकुंकवाला, पंधरा बायकांसमोर पाहिले.

मृण्मयी_ठाणे (धागालेखिका)

बोलावते. काकूंनाही.

सुनंदा_इचलकरंजी

प्रकाशदादा, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. फिल्टर न लावता रात्रीच्या लाइव्हला साडीचा रंग खरा दिसावा आणि माणूसही बरे दिसावे, यासाठी दिवे कसे लावू? माझ्याकडे एकच गोल रिंग लाइट आहे.

प्रकाश_चौकट_सांगली

सुनंदाताई, रिंग लाइट अगदी समोर ठेवला की चेहरा सपाट होतो आणि खणाच्या पोतावर चमक मारते. तो बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवा आणि समोरच्या बाजूला पांढरी चादर ताणून लावा, म्हणजे सावली मऊ पडेल. खोलीतला पिवळा बल्ब बंद ठेवा, कारण दोन रंगांचा उजेड एकत्र आला की कॅमेरा गोंधळतो आणि डाळिंबीचा पुन्हा गुलाबी करतो. फोन पाच फूट लांब, स्टँडवर, आणि मागचा कॅमेरा वापरा. टिप्पण्या वाचायला दुसरा फोन लागेल. तो मुलीच्या हातात द्या आणि भाव विचारणाऱ्याच तेवढ्या वाचून दाखवायला सांगा.